‘टीचिंग अवे’ म्हणण्याआधी मनाईची ओळ दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांच्या आणि लघुउद्योगांच्या पेटंटच्या बातम्या हल्ली वरचेवर छापून येतात. त्यातल्या पुष्कळ बातम्या अर्ज पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्याच्या असतात, पेटंट मिळाल्याच्या नसतात. खरी परीक्षा त्यानंतर असते. परीक्षणाची विनंती केल्यावर पेटंट कार्यालयाकडून पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर येतो, आणि बहुतेक अर्ज अडखळतात ते तिथेच. हे पत्र त्या टप्प्यावरच्या ‘टीचिंग अवे’ या युक्तिवादाविषयी आहे. तो चांगला आहे, न्यायालयांत टिकलेला आहे, आणि आपल्याकडे निष्काळजीपणाने वाया घालवला जातो.

एफईआरमध्ये परीक्षक दोन-तीन जुने दस्तऐवज समोर ठेवतो. त्यांना डी१, डी२ असे क्रमांक देतो आणि म्हणतो की तुमच्या क्लेममधले, म्हणजे ज्यावर हक्क मागता त्या वर्णनातले, पहिले तीन घटक डी१मध्ये आहेत, चौथा डी२मध्ये आहे. दोन्ही एकत्र करणं या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचलं असतं. सबब पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)प्रमाणे इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे जाणकाराला सहज न सुचणारं पाऊल, इथे नाही. यावर दिल्या जाणाऱ्या उत्तरात एक वाक्य जणू ठरलेलंच असतं: ‘डी१ टीचेस अवे फ्रॉम द प्रेझेंट इन्व्हेन्शन.’ जुनं ज्ञान आमच्या शोधापासून दूर नेतं, असा त्याचा दावा. त्यापुढे ना पान, ना परिच्छेद, ना कारण. कंट्रोलरने, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, ते वाक्य बाजूला सारलं तर त्याला दोष देता येत नाही.

जुन्या दस्तऐवजाने दुसरा रस्ता दाखवला, एवढं पुरत नाही. तो वाचून जाणकार तुमच्या रस्त्यावरून मागे फिरला असता, हे दाखवावं लागतं. त्यासाठी त्या दस्तऐवजात मनाई किंवा ठोस इशारा हवा, त्या इशाऱ्याला तांत्रिक कारण हवं, आणि तुम्ही त्या कारणावर मात केलेली असावी. यातली एक गोष्ट नसेल तर युक्तिवाद लंगडा पडतो.

हे कसं टिकतं, ते अमेरिकेतल्या गोर विरुद्ध गार्लॉक या १९८३च्या निकालात स्वच्छ दिसतं. नळाच्या आट्यांवर प्लंबर जी पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतो, त्याच पदार्थाची ही गोष्ट: पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन, पीटीएफई. भट्टीत पक्कं न केलेलं, म्हणजे अनसिंटर्ड पीटीएफई ताणलं की तुटायचं. त्या काळची समजूत अशी की ताणायचंच असेल तर हळूहळू ताणा आणि पदार्थाची स्फटिकता कमी करून घ्या. रॉबर्ट गोर यांनी १९६९च्या ऑक्टोबरात नेमकं उलटं केलं. तापवलेली कांडी त्यांनी जमेल तितक्या झटक्याने ओढली. ती मूळ लांबीच्या दहापटीहून अधिक ताणली गेली, तुटली नाही, आणि तिचा व्यास जवळजवळ तसाच राहिला. कडक, चकचकीत कांडीचा मऊ, लवचीक, सच्छिद्र पदार्थ झाला. पुढे त्याचं कापड झालं, कृत्रिम रक्तवाहिन्या झाल्या.

त्या पेटंटच्या क्लेमची भाषा आपल्याकडच्या प्रत्येक मसुदेकाराने डोळ्यांखालून घालावी अशी आहे. ‘वेगाने ताणणे’ असं मोघम तिथे लिहिलेलं नाही. अत्यंत स्फटिकी, अनसिंटर्ड पीटीएफई, वंगण काढून टाकल्यानंतर, सेकंदाला सुमारे १० टक्क्यांहून अधिक वेगाने, आणि सुमारे ३५ अंश सेल्सिअस ते त्या पदार्थाचा स्फटिक-वितळबिंदू यांच्या दरम्यानच्या तापमानाला ताणायचं, असं आहे. जुनं ज्ञान जिथे ‘नको’ म्हणत होतं, क्लेम बरोबर तिथे उभा आहे.

खालच्या न्यायालयाने मात्र तुकडे जोडले होते. एका जुन्या पेटंटमध्ये पॉलिप्रॉपिलीन वेगाने ताणलेलं होतं. ते तिथून उचलायचं, पीटीएफईची माहिती दुसरीकडून घ्यायची, म्हणजे झाला शोध उघड! अपील न्यायालयाने हे मान्य केलं नाही. पॉलिप्रॉपिलीन आणि अनसिंटर्ड पीटीएफई सारखंच वागतं, असं कुठलाच दस्तऐवज सांगत नव्हता. शिवाय दस्तऐवज पूर्ण वाचायला हवा. त्यातला शोधाच्या विरुद्ध जाणारा भाग गाळून सोयीचा तेवढा घेणं ही चूक आहे, असं न्यायालयाने म्हटलं. परीक्षकाशी बोलताना हाच मुद्दा सगळ्यांत उपयोगी पडतो.

त्याआधीचं, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचं प्रकरण म्हणजे युनायटेड स्टेट्स विरुद्ध ॲडम्स, फेब्रुवारी १९६६. बर्ट ॲडम्स यांची बॅटरी कोरडी ठेवायची आणि वापरायच्या वेळी तिच्यात नुसतं पाणी घालायचं. एक इलेक्ट्रोड मॅग्नेशियमचा, दुसरा क्युप्रस क्लोराइडचा. सरकारचं म्हणणं असं की जस्ताच्या जागी मॅग्नेशियम आणि सिल्व्हर क्लोराइडच्या जागी क्युप्रस क्लोराइड घालता येतं, हे जुन्या पुस्तकांत आणि पेटंटांत होतंच. यांनी फक्त अदलाबदल केली.

न्यायालयाने दोन जुन्या समजुतींवर बोट ठेवलं. सर्किट उघडं, म्हणजे जोडणी पूर्ण नसतानाही जी बॅटरी चालू राहते आणि वापरात तापते, ती व्यवहारात निरुपयोगी, असं मानलं जाई. आणि पाण्याने सुरू होणाऱ्या ज्या बॅटऱ्या चालल्या, त्या मॅग्नेशियमला मारक अशा इलेक्ट्रोलाइटवरच चालल्या होत्या. या दोन्ही गोष्टी माहीत असलेला माणूस ॲडम्स यांच्या जोडणीकडे वळलाच नसता. आणि ॲडम्स यांची बॅटरी तर तापायचीच! पण तिचा व्होल्टेज स्थिर राहायचा आणि कडाक्याच्या थंडीतही ती चालायची. लष्कराच्या तज्ज्ञांना आधी ती चालेल हेच पटलं नव्हतं. नंतर त्याच लष्कराने ती ॲडम्स यांना न कळवता वापरली. तज्ज्ञांचा अविश्वास आणि नंतरचा वापर, दोन्ही पुराव्यात आले.

याच निकालातली दुसरी बाजू आपल्याकडे उद्धृत होत नाही. जुन्या तोट्यांकडे डोळेझाक करून जुनीच वस्तू नव्या कामाला लावली म्हणून ती पेटंटयोग्य ठरत नाही, असंही न्यायालयाने तिथेच सांगितलं आहे. तोटा माहीत होता, तरी तुम्ही वापरलं आणि तोटा तसाच राहिला, तर तुम्ही काही शोधलं नाही. फक्त तोटा सोसला.

१९९४च्या गर्ली निकालात हीच रेघ ओढलेली आहे. लवचीक सर्किट बोर्डासाठी इपॉक्सी रेझिन चालतं, पण पॉलिएस्टर-इमाइडपेक्षा ते कमी प्रतीचं, असं जुना दस्तऐवज म्हणत होता. अर्जदाराने इपॉक्सीच वापरलं आणि जुनं ज्ञान दूर नेत होतं असा दावा केला. तो नाकारला गेला. कमी प्रतीचं म्हणणं म्हणजे मनाई नव्हे. २००४च्या फुल्टन निकालाने त्यात भर घातली: दस्तऐवजात चार पर्याय असतील आणि त्यातल्या एकाला पसंती असेल, तर उरलेले तीन नाकारले असं होत नाही. आपल्याकडच्या उत्तरांतले अर्ध्याहून अधिक ‘टीचेस अवे’ या दोन निकालांपुढे गळून पडतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

याउलट डेप्युई स्पाइन विरुद्ध मेडट्रॉनिक या २००९च्या प्रकरणात दावा टिकला, कारण इशारा आणि कारण दोन्ही कागदावर होतं. प्रकरण मणक्यात बसवायच्या स्क्रूचं. पुनो यांच्या जुन्या पेटंटमध्ये स्क्रू आणि त्याची बैठक यांत मुद्दाम थोडी हालचाल ठेवलेली होती, धक्का शोषला जावा म्हणून. जोडणी ताठ झाली तर हाडातली पकड सुटण्याची शक्यता वाढते, असं तिथे म्हटलेलं. अँडरसन यांच्या पेटंटमध्ये दाब देणारा भाग होता. तो पुनोच्या रचनेत घातला असता तर स्क्रू ताठ झाला असता, म्हणजे पुनोने जे टाळायला सांगितलं तेच घडलं असतं. जोडणी करायला सांगणारा कुणी नव्हता, आणि करू नका म्हणणारा समोर होता. २००७च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालाने इन्व्हेंटिव्ह स्टेपची कसोटी कडक केली खरी, पण ॲडम्सचा हा धागा सर्वोच्च न्यायालयाने तिथेही कायम ठेवला.

युरोपात याला तांत्रिक पूर्वग्रह म्हणतात आणि पुराव्याची पातळी आणखी वर असते. एखाद्या पेटंटमधलं एक वाक्य सहसा पुरत नाही. पूर्वग्रह क्षेत्रभर पसरलेला होता हे दाखवायला प्रमाण पाठ्यपुस्तक किंवा संदर्भग्रंथ लागतो. इंग्लंडमध्ये पोझोली प्रकरणात, २००७ साली, एकावर एक अर्धवट सरकवून ठेवलेल्या सीडींचा डबा हा शोध होता. पूर्वग्रह चुकीचा होता आणि ही कल्पना चालते, हे दाखवणाऱ्याने ज्ञानात नवी भर घातली, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केलं. पेटंट मात्र टिकलं नाही.

भारतात ‘टीचिंग अवे’ हे शब्द कायद्यात नाहीत. कायद्यात आहे ती इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या: विद्यमान ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, आणि त्या क्षेत्रातल्या जाणकाराला उघड नसणं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा पायाभूत निकाल १९७८चा, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. लेथवर भांडी धरून घासण्या-घडवण्याची ती रचना होती. टेलस्टॉक, म्हणजे लेथचा दुसऱ्या टोकाचा आधार, जुनाच; तो या कामाला लावला एवढंच. कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेपलीकडे काही नाही म्हणून पेटंट रद्द झालं. टेलस्टॉक लावू नका, असं तिथे कुणीही म्हटलेलं नव्हतं. मनाई नसेल तेव्हा नेहमीच्या सुधारणेची हद्द किती लांब जाते, हे त्यातून कळतं.

गैरसमज होऊ नये म्हणून आणखी एक. हा युक्तिवाद फक्त इन्व्हेंटिव्ह स्टेपसाठी आहे. तुमची वस्तू जशीच्या तशी जुन्या दस्तऐवजात असेल, तर त्याने तिला कितीही नावं ठेवलेली असोत, नावीन्य गेलं. सेलेरिटास विरुद्ध रॉकवेल या १९९८च्या निकालात हे थेट सांगितलं आहे: आधी शोध उघड करून नंतर त्याची निंदा करणारा दस्तऐवजही नावीन्य मारतोच. हळदीचं अमेरिकी पेटंट सीएसआयआरने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात १९९७ साली रद्द करून घेतलं, तेव्हाही जुने ग्रंथ तेच सांगत होते जे पेटंटमध्ये होतं. तिथे दिशेचा प्रश्नच नव्हता. तसंच कशाकशाला पेटंट मिळत नाही ते सांगणाऱ्या कलम ३ची, म्हणजे ३(डी) (ज्ञात पदार्थाचं नवं रूप), ३(ई) (नुसतं मिश्रण) किंवा ३(पी)ची (पारंपरिक ज्ञान) हरकत असेल तर तिचं उत्तर वेगळं द्यावं लागतं. जुनं ज्ञान उलट सांगत होतं म्हणून नुसतं मिश्रण हे मिश्रण राहत नाही, असं नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं मांडायचं, त्यासाठी एक कल्पित उदाहरण घेतो. गूळ करताना काहिलीतला रस निवळण्यासाठी चुन्याची निवळी घालतात. ताज्या उसाच्या रसाचा पीएच साधारण ५.२ ते ५.४ असतो, निवळीने तो चढतो आणि मळी वर यायला मदत होते. निवळी जास्त झाली की गूळ काळपट पडतो, हे गुऱ्हाळावरच्या कुठल्याही गुळव्याला ठाऊक आहे. कारण रासायनिक आहे: अल्कधर्मी आणि तापलेल्या रसात ग्लुकोज-फ्रुक्टोजचं विघटन होऊन गडद रंग तयार होतो. समजा तुमच्या पद्धतीत निवळी दोन टप्प्यांत, ठरावीक तापमानांना दिली जाते, पीएच ७.५पर्यंत जातो, आणि तरीही गूळ पिवळसर राहतो. परीक्षकाने डी१ म्हणून निवळीवरचा एक लेख दिला.

डी१ पीएच ७च्या पुढे काय होतं याविषयी गप्प असेल, तर ती मनाई नाही. मौनातून दिशा निघत नाही. डी१ म्हणत असेल की निवळीपेक्षा भेंडीचा चिकट रस बरा, तर ती पसंती झाली, गर्ली आठवा. डी१ म्हणत असेल की पीएच ७च्या वर नेऊ नये, कारण रंग गडद होतो आणि ढेप नीट बसत नाही, तर ही खरी मनाई, कारणासकट. आणि डी१ असं म्हणत असूनही तुमचा गूळ काळपटच होत असेल, फक्त तुम्हाला ते चालतं, तर तुम्ही काही ओलांडलेलं नाही.

तिसरी स्थिती असेल तर उत्तरात चार गोष्टी याच क्रमाने याव्यात. डी१चं पान, परिच्छेद आणि मूळ शब्द. त्या मनाईमागचं कारण डी१च्या स्वतःच्या भाषेत. ते तिथे नसेल तर पाठ्यपुस्तकातून. परीक्षकाची प्रस्तावित जोडणी केली असती तर तेच कारण कसं उद्भवलं असतं, हे. आणि शेवटी, तुमच्या क्लेममधला कोणता घटक ते कारण निष्प्रभ करतो आणि ते कोणत्या आकड्यांनी दिसतं. बहुतेक उत्तरांत पहिली आणि चौथी गोष्ट असते. मधल्या दोन गाळल्या जातात. तिसरी तर सगळ्यांत महत्त्वाची, कारण परीक्षकाचा आक्षेप जोडणीविषयी असतो. डी१ची मनाई एका परिस्थितीतली असेल आणि डी२ त्या परिस्थितीतून बाहेर नेत असेल, तर मनाई लागूच होत नाही.

आकडे मिळवण्यासाठी तीन खेपा लागतात. एक डी१च्या सांगण्याप्रमाणे, समजा पीएच ६.४ला. दुसरी, डी१ने मना केलेलं डी१च्याच पद्धतीने करून, म्हणजे निवळी एकदम देऊन पीएच ७.५ला; ही बिघडायला हवी. तिसरी तुमच्या पद्धतीने ७.५ला. दुसरी खेप लोक करतच नाहीत, आणि खरा जीव तिच्यातच असतो. ती बिघडली नाही तर डी१ची मनाईच पोकळ होती असं सिद्ध होतं आणि तुमचा युक्तिवाद तुमच्याच हाताने पडतो. हे उत्तर पाठवण्याआधी कळलेलं बरं. तिन्ही खेपांना ऊस एकाच शेतातला, एकाच जातीचा, समजा को ८६०३२. गाळप आणि उकळी यांतलं अंतर सारखं, कारण रस ठेवला की त्यातली साखर फुटू लागते. काहील आणि जाळ तोच. रंग डोळ्यांनी ठरवू नये, कलरीमीटरवर मोजावा, आणि रिड्यूसिंग शुगरचं, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजचं, प्रमाणही घ्यावं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तापमान आणि पीएच दोन्ही बदलले की फरक कशामुळे पडला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि विरोधक हेच पहिल्यांदा विचारतो.

हे आकडे कुठे जातात, यातही घोळ होतो. कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं क्लेमसकट पूर्ण वर्णन, दाखल झाल्यावर कलम ५९ आड येतं: त्यात नवा मजकूर घालता येत नाही आणि दुरुस्त क्लेम मूळ क्लेमच्या कक्षेतच असावा लागतो. म्हणून नंतर केलेल्या तुलनेचे आकडे स्पेसिफिकेशनमध्ये कोंबायचे नसतात. ते कलम ७९खाली प्रतिज्ञापत्राने पुरावा म्हणून द्यावेत. प्रयोग कुणी केला, त्याची पात्रता, तारखा, उपकरणं, कच्च्या नोंदी, सगळं त्यात यावं. नुसते सरासरीचे आकडे आणि रंगीत आलेख नकोत. त्याहून चांगला मार्ग म्हणजे प्रोव्हिजनल, म्हणजे आधीचं तात्पुरतं वर्णन, आणि कम्प्लीट यांमधल्या १२ महिन्यांत बिघडलेल्या खेपाही करून त्या तुलनात्मक उदाहरणं म्हणून कम्प्लीटमध्येच लिहायच्या. आपल्याकडचे संशोधक फसलेले प्रयोग लपवतात; अहवालात, प्रबंधात त्यांना जागा नसते. पेटंटमध्ये मात्र तेच प्रयोग पुढे कामाला येतात.

क्लेमची व्याप्ती ही दुसरी मोठी चूक. मनाई पीएच ७च्या पुढची, आणि क्लेम ‘पीएच ६ ते ९’ असा. मग ६ ते ७ हा पट्टा डी१च्या सांगण्यातच येतो आणि पूर्ण क्लेम उघड ठरतो. गोर यांच्या क्लेममध्ये वेगाचा आकडा आहे, तो याचसाठी. क्लेम अरुंद करायला जीव तुटतो हे समजतं, पण मनाईच्या हद्दीबाहेर पसरलेल्या क्लेमला हा युक्तिवाद वाचवू शकत नाही. फॉर्म १३ने दुरुस्ती करायची तर अरुंद पट्टा मूळ मजकुरात कुठेतरी लिहिलेला असावा लागतो. म्हणून मसुदा करतानाच ‘शक्यतो ७.२ ते ७.८’ अशा आतल्या मर्यादा लिहून ठेवाव्यात.

तारखा तपासाव्यात. मनाई १९७०च्या लेखात असेल आणि १९९५च्या दुसऱ्या लेखाने ती खोडून काढली असेल, तर तुमच्या प्रायॉरिटी तारखेला, म्हणजे पहिल्या अर्जाच्या तारखेला, ती मनाई जिवंत नव्हती. म्हणून डी१ला नंतर कुणी कुणी उद्धृत केलं ते गूगल पेटंट्स आणि एस्पेसनेट या पेटंट-शोधाच्या संकेतस्थळांवर पाहावं, भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाच्या इनपासवर. नुसता गोषवारा वाचून उत्तर देऊ नये; मनाई बहुधा उदाहरणांच्या तक्त्यात किंवा चर्चेच्या परिच्छेदात दडलेली असते. जपानी-चिनी दस्तऐवजाचं यंत्रभाषांतर असेल तर त्या एका परिच्छेदाचं तरी माणसाकडून भाषांतर करून घ्यावं. ‘नको’ आणि ‘आवश्यक नाही’ यांत यंत्र गफलत करतं, आणि इथे सगळा फरक त्यातच आहे.

स्वतःच्या मजकुराने स्वतःला तोंडघशी पाडणंही घडतं. पार्श्वभूमीच्या परिच्छेदात ‘अमुक केल्यास फायदा होतो हे सर्वश्रुत आहे’ असं लिहायचं आणि उत्तरात जुनं ज्ञान त्यापासून दूर नेतं म्हणायचं, हे चालत नाही. तसंच एकाच उत्तरात ‘डी१ आमच्या क्षेत्रातला नाही’ आणि ‘डी१ वाचून जाणकार परावृत्त झाला असता’ असं दोन्ही तोंडांनी बोलणं. पहिला मुद्दा मुख्य असेल तर दुसरा ‘तरीही डी१ विचारात घेतल्यास’ अशा शब्दांनी वेगळा मांडावा.

पेटंट कार्यालयाकडेही एक मागणी आहे. एफईआरमध्ये डी१चे सोयीचे परिच्छेद क्रमांकासह येतात, पण त्याच पानावरचा इशारा येत नाही. अर्जदाराने तो दाखवल्यावरही आदेशात ‘युक्तिवाद पटला नाही’ एवढंच येतं. ॲग्रीबोर्ड प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२२मध्ये सांगितलं आहे की इन्व्हेंटिव्ह स्टेप नाकारताना जुन्या दस्तऐवजात काय उघड झालं आहे, अर्जातला शोध काय आहे आणि जाणकाराला तो कसा उघड ठरतो, हे तिन्ही कंट्रोलरने आदेशात तपासलं पाहिजे. मनाईची ओळ बाजूला ठेवून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताच येत नाही. अर्जदारांनी सुनावणीत ही ओळ तोंडी दाखवावी आणि सुनावणीनंतरच्या १५ दिवसांत लेखी टिपणातही घालावी. आदेशात तिची दखल नसेल तर कलम ११७एखाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. टिपणात नसलेला मुद्दा तिथे पहिल्यांदा उभा करणं जड जातं.

राहता राहिली मुदत. एफईआरचं उत्तर सहा महिन्यांत द्यायचं असतं आणि फॉर्म ४ भरून ती वाढवून घेता येते. शेतीमालावरच्या शोधांत इथेच हंगाम आडवा येतो. कोल्हापूरकडची गुऱ्हाळं साधारण दसरा-दिवाळीला पेटतात. एफईआर मार्चअखेरीस आला आणि खेपांचा विचार ऑगस्टमध्ये सुरू झाला, तर हातात ताजा ऊस नसतो आणि सप्टेंबरअखेरीस सहा महिने भरतात. म्हणून एफईआर हातात पडल्याच्या आठवड्यातच डी१ पूर्ण वाचावा, मनाई आहे की नाही ते ठरवावं, आणि खेपा लागणार असतील तर हंगामाकडे बघून फॉर्म ४ मूळ मुदत संपण्याच्या आत दाखल करावा.

आपला,
पेटंट व्यवसायातील एक वाचक, पुणे